चेण्याच्या बायका आणि रिकामं हाउसफुल

त्या आठवड्यात संपदाच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य होतं. "सॉरी, शो हाउसफुल आहे." ती हे म्हणायची, आणि तिच्या पाठीमागच्या बंद दाराआड तीन नंबरच्या हॉलमध्ये सिनेमा रिकाम्या खुर्च्यांपुढे चालू असायचा.

मीरा रोडच्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर ते चार पडद्यांचं थिएटर होतं आणि संपदा तिथली ड्युटी मॅनेजर. माहेर लालबागचं. लग्नानंतर अमोलबरोबर बेव्हर्ली पार्कला राहायला आली, इथे तिकीट खिडकीवर लागली आणि हळूहळू मॅनेजरच्या केबिनपर्यंत पोचली. आता असिस्टंट जनरल मॅनेजरची जागा रिकामी होती आणि ती तिलाच मिळणार असं सगळे म्हणत होते.

सिनेमाच्या धंद्यात थोडं खोटं चालतं, हे तिला माहीत होतं. पडलेल्या सिनेमाच्या पोस्टरवरही 'सुपरहिट' छापतात. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण पोस्टर वेगळं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलणं वेगळं.

हे खोटं आलं होतं हेमकूट फिल्म्सकडून. हेमकूट म्हणजे मोठा स्टुडिओ. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी थाटात जाहीर केलं होतं, की यंदा आमचे सिनेमे मिळून हजार कोटींचा धंदा करतील. त्यानंतर एकामागून एक सिनेमे आले आणि पडले. एक तर दुसऱ्या आठवड्यापर्यंतही टिकला नाही. शेवटची आशा होती नाताळात आलेला 'वज्रकेतू'. शनिवार-रविवार लोक आले. सोमवारी हॉल ओस पडला. आणि मंगळवारपासून अचानक प्रत्येक शो हाउसफुल दिसायला लागला.

संपदाला आधी वाटलं, सिस्टिम बिघडली. कॉम्प्युटरवर खुर्च्यांचा नकाशा पाहावा तर सगळे चौकोन लाल, म्हणजे सगळी तिकिटं विकलेली. आणि आत पाहावं तर चिटपाखरू नाही. तिने वरच्या साहेबांना, अभिनव सरांना, फोन लावला. वसईपासून दहिसरपर्यंतची सगळी थिएटरं त्यांच्याकडे होती.

"कॉर्पोरेट बुकिंग आहे," अभिनव म्हणाला. "हेमकूटनेच घेतलीत."

"स्वतःचाच सिनेमा? आणि बघायला कोणी येणार नाही?"

"संपदा, त्यांना वर्षाचा आकडा पूर्ण करायचाय. बाहेरची कुठली तरी कंपनी त्यांच्यात पैसे घालतेय, तिला हजार दाखवायचेत. आपल्याला तिकिटाचे पैसे मिळतायत ना? मग झालं. दार बंद ठेव, कोणाला आत डोकावू देऊ नकोस आणि खिडकीवर हाउसफुल सांग."

"म्हणजे आपण रिकाम्या हॉलला सिनेमा दाखवायचा?"

"एकतीस तारखेपर्यंतच. ॲडजस्ट कर ना यार."

तिने ॲडजस्ट केलं. दोन दिवस. जवळच्या इंद्रलोक वस्तीतून रिक्षाने आलेलं एक म्हातारं जोडपं तिने परत पाठवलं. आजोबा म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं, चांगला असणार. लोकांनी गर्दी केलीय." ते खुशीत निघून गेले आणि संपदा केबिनमध्ये जाऊन बसली. तिला कोणी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. त्या माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला, हे तिला सहन होईना.

गुरुवारी दुपारी खाडीकाठच्या चेणे गावच्या बायका आल्या.

पंचवीस-तीस जणी असतील. काशिमिऱ्याला बसमधून उतरून, तिथून रिक्षात कोंबून घेऊन आल्या होत्या. केसांत गजरे, ठेवणीतल्या साड्या, चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा उत्साह. बचत गटाची वर्षाअखेरची सहल होती ती. पुढे होती सुलू, साठीची, धिप्पाड, आवाज असा की तळमजल्यावर ऐकू जावा. खिडकीवरच्या पोरीने हाउसफुल म्हणून सांगितलं तशी सुलू म्हणाली, "तुझ्या मोठ्या बाईला बोलव."

संपदा बाहेर आली. "मावशी, सॉरी. शो हाउसफुल आहे. दुसरा सिनेमा बघता का? एक नंबरला कॉमेडी लागलाय."

"आमाला दुसरा न्हाय बघायचा, बाय. आमाला आमचा बघायचाय."

"तुमचा?"

"मंग! आमी हाव ना त्यात."

सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. हळूहळू संपदाच्या लक्षात आलं. 'वज्रकेतू'मध्ये एक गाव जळतं. ते गाव चेण्याला, खाडीकाठी, उभं केलं होतं. जळणाऱ्या गावातून पळणारी माणसं हवी होती, म्हणून गावातल्याच बायका घेतल्या. भर मे महिन्यात त्यांच्या तोंडाला काजळी फासून, अनवाणी, चिखलातून पळवलं. सुलूच्या हातात फडक्याचं गाठोडं दिलं आणि सांगितलं, हे तुझं नातवंड आहे, याला घेऊन पळ. ती पळाली. पडली. गुडघा फुटला. डायरेक्टर साहेब म्हणाले, मस्त, आता परत पळा.

"तो गुडघा अजून ठणकतो," सुलू म्हणाली. "पण मी बोललो, पिक्चर आला की समद्यांना घेऊन जाईन. न् तू बोलतंस जागा न्हाय."

"उद्याचं बघू का मावशी?" संपदाने उगाच विचारलं. उद्याचेही सगळे चौकोन लाल होते.

"उद्या काय हाय? आज घरची कामं टाकून आलो."

मागून एक तरुण सून म्हणाली, "चला आई, गर्दी असेल तर काय करणार त्या तरी." आणि त्या वळल्या. कुरकुर न करता वळल्या. म्हाताऱ्या आजोबांसारख्याच. आपल्या सिनेमाला गर्दी झालीय म्हणून त्यांतल्या एकीला तर आनंदच झाला होता. "बघ किती चाललाय," ती शेजारणीला म्हणाली.

संपदा सरकत्या जिन्याकडे जाणाऱ्या त्या गजऱ्यांकडे पाहत राहिली. मग ती तीन नंबरच्या दाराशी गेली, दार ढकलून आत पाहिलं. जाहिराती सुरू होत्या. पडद्याचा निळा उजेड रांगांमागून रांगांवर पडला होता आणि एकही डोकं नव्हतं. एसी मात्र पूर्ण जोरात.

ती धावत जिन्यापाशी आली.

"मावशी! थांबा! वर या सगळ्या!"

"काय झालं?"

"जागा आहे."

"आत्ता तर बोललीस फुल्ल हाय."

"खोटं बोलले," संपदा म्हणाली. हे म्हणताच तिला मंगळवारपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. "हॉल अख्खा रिकामा आहे. चला."

दरवाज्यावरचा पिंटू तिकिटं तपासायचा. तो गडबडला. "मॅडम, तिकीट?"

"तिकिटं विकली गेलीत पिंटू. ज्यांनी घेतलीत ते आले, तर त्यांना माझ्याकडे पाठव. मी स्वतः एकेकीला उठवेन."

सुलू दारात अडली. "फुकट न्हाय बघायचा आमाला. पैसं घे."

"कसे घेऊ मावशी? या खुर्च्यांचे पैसे आलेत आधीच. एका खुर्चीचे दोनदा घेतले तर ती चोरी होईल. तुम्हाला द्यायचेच असतील तर कँटीनमध्ये द्या."

मग कँटीनवाल्याचं नशीब उघडलं. त्या आठवड्यात त्याने तीन नंबरसाठी पॉपकॉर्नचा दाणा भाजला नव्हता. आता पंचवीस-तीस जणी भाव विचारून आधी ओरडल्या, मग दोघींत एक असा हिशेब लावून पॉपकॉर्न घेऊन आत गेल्या आणि मधल्या चांगल्या रांगा पकडून बसल्या.

संपदा केबिनमध्ये गेली नाही. ती हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. सिनेमा सुरू झाला. नायक डोंगरावरून उडी मारत होता, तलवारीतून वीज निघत होती. बायका शांत होत्या. मग खाडी दिसली. आग दिसली. कोणीतरी ओरडलं, "आलं! आपलं गाव आलं!" धुरातून माणसं पळायला लागली आणि पडदाभर, अगदी पडदाभर, सुलूचा चेहरा आला. काजळी फासलेला, तोंड वासलेलं, छातीशी गाठोडं. एक श्वास घ्यावा इतकाच वेळ.

हॉलमध्ये जो गलका झाला तसा संपदाने या थिएटरात मोठ्यातल्या मोठ्या हिरोच्या एंट्रीलाही ऐकला नव्हता. बायका उभ्या राहिल्या. शिट्ट्या वाजल्या. "सुलूकाकी! सुलूकाकी!" एकीने मागे वळून संपदाला सांगितलं, "बाय, परत लाव ना तेवढं!" सुलू मात्र बसून होती. पदराने तोंड झाकून ती हसत होती की रडत होती, ते अंधारात कळलं नाही.

मध्यंतरात जितेश आला.

जितेश हेमकूटचा माणूस. दहिसरच्या पलीकडची सगळी थिएटरं तो सांभाळायचा. त्याच्याबरोबर कॅमेरावाला होता आणि सारखे टी-शर्ट घातलेली कॉलेजची काही मुलं होती. ती मुलं सिनेमा न बघता दारातून बाहेर येताना 'ब्लॉकबस्टर' असं ओरडणार होती. हेमकूटच्या वर्षअखेरच्या व्हिडिओसाठी.

त्याने बायकांना बाहेर येताना पाहिलं आणि तो थेट संपदाकडे आला. "मॅडम, ये सब कौन है?"

"ऑडियन्स."

"मेरी सीट पे किसको बिठाया आपने?"

"तुमच्या सीटवर कोणी बसायला आलं नाही, म्हणून बसवलं. तुमची माणसं आली असतील तर सांगा, मी आत्ता उठवते यांना. बोलवा."

जितेश इकडेतिकडे बघायला लागला. "मॅडम, आप समझती हैं. मोठ्याने नको बोलू."

"मी मोठ्यानेच बोलणार. दोन दिवस हळू बोलले ना, पुरे झालं."

तो चिडला, पण धंद्यातला मुरलेला माणूस. खरोखरच्या गर्दीचं काय करता येईल हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. सिनेमा सुटला तेव्हा त्याने कॉलेजच्या पोरांना बाजूला केलं आणि कॅमेरा दाराशी लावला. गजरे, साड्या, हसरे चेहरे. याहून चांगली जाहिरात कुठली? सुलू बाहेर आली तसा त्याने माइक पुढे केला.

"आंटी, पिक्चर कैसा लगा?"

"मराठीत इचार."

"कसा वाटला पिक्चर? जोरात बोला!"

सुलूने पदर सावरला, कॅमेऱ्यात पाहिलं. "आमचा गाव जलतो तेवढा चांगला हाय. त्याच्यापुढं काय न्हाय. तो हिरो नुसता उडतो. एवढं गाव जललं, तर त्यानं एकदा येऊन बघायचं तरी, कोन मेला, कोन वाचला. आला का? न्हाय. गेला नाचाया."

बायका खदखदून हसल्या. जितेशने माइक मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण तो सुलूने धरून ठेवला होता.

"न् एक बोलते. हितं फुल्ल फुल्ल लिवलंय, ते खोटं हाय. आमी आलो तवा आत कुत्रं पन नव्हतं."

"कट, कट!" जितेश ओरडला.

कॅमेरावाला हसू दाबत कॅमेरा खाली करत होता. जितेशने रुमालाने मान पुसली आणि मोहरा संपदाकडे वळवला. आवाज एकदम गोड झाला. "ठीक है, ते सोडा. मॅडम, तुम्ही एक बाइट द्या. थिएटरच्या मॅनेजर म्हणून. फक्त बोला, मंगळवारपासून सगळे शो हाउसफुल आहेत, असा रिस्पॉन्स आम्ही कधी पाहिला नाही. दस सेकंद. तुमच्या प्रमोशनचं पण मी अभिनवभाईंशी बोलतो."

प्रमोशनचं याला कुठून कळलं, असा विचार संपदाच्या मनात येऊन गेला. मग तिला वाटलं, बरं झालं बोलला. नाहीतर कदाचित आपण कंटाळून दहा सेकंद बोलूनही टाकलं असतं.

"कॅमेरा चालू करा," ती म्हणाली.

जितेश खूश झाला. लाल दिवा लागला.

"मी या थिएटरची ड्युटी मॅनेजर. मंगळवारपासून 'वज्रकेतू'चे सगळे शो विकले गेले आणि सगळे रिकामे गेले. आज पहिल्यांदा हॉलमध्ये माणसं बसली. ती चेण्याहून आली होती आणि ती याच सिनेमात काम केलेली आहेत. असा रिस्पॉन्स आम्ही खरंच कधी पाहिला नव्हता."

जितेशने स्वतःच्या हाताने कॅमेऱ्याच्या भिंगावर पंजा ठेवला. "तुमची नोकरी गेली, मॅडम."

"तुम्ही मला पगार देत नाही," संपदा म्हणाली. "सरका, पुढचा शो लागायचाय."

घरी तिने अमोलला सगळं सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "माफी मागून टाक. उगाच कशाला? त्यांचा आकडा, त्यांचं वर्ष, आपलं काय जातंय?"

"खोटं मी बोलत होते, अमोल. ते तर फोनवर नुसते सांगत होते. लोक माझ्या तोंडाकडे बघून परत जात होते."

"आणि नोकरी गेली तर?"

"गेली तर दुसरी बघेन. पण माफी मागणार नाही."

दुसऱ्या दिवशी अभिनव स्वतः आला. तो तिच्याहून लहान, शिकलेला, एरवी गोड स्वभावाचा. पण आज त्याने केबिनचं दार लावून घेतलं आणि छापून आणलेला कागद पुढे ठेवला. माफीनामा होता. खाली सही तेवढी करायची होती.

"वाच आणि सही कर. मी वर सांगतो, चूक झाली, पुन्हा होणार नाही."

संपदाने वाचलं. "'हाउसफुल शोमध्ये पंचवीस ते तीस विनातिकीट प्रेक्षकांना बसवले.'" ती वाचता वाचता थांबली. "सर, शो हाउसफुल होता ना?"

"सिस्टिममध्ये होता."

"मग त्या बसल्या कुठे?"

अभिनवने कागद स्वतःकडे ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"नाही, मला खरंच सांगा. हॉल भरलेला असताना पंचवीस-तीस बायका मी कुठे बसवल्या? लोकांच्या मांडीवर? असं लिहिलं तर वाचणारा हेच विचारेल. आणि हॉल रिकामा होता असं लिहिलं, तर मी आत्ता सही करते. दोन्ही हातांनी करते. बदला तेवढं वाक्य."

"संपदा, तुला कळतंय मी ते लिहू शकत नाही."

"मग मीही सही करू शकत नाही."

"प्रमोशन जाईल."

"जाऊ दे."

"आणि उद्या परत कोणी आलं तर?"

"खुर्ची रिकामी असेल तर बसवणार. परवाही बसवणार. तुम्ही मला काढेपर्यंत बसवणार. आणि काढताना कारण लिहावं लागेल सर. ते नीट लिहा."

बाहेर एक नंबरचा शो सुटला होता, लोकांच्या पावलांचा आवाज येत होता. अभिनवने कागद उचलला, घडी घातली, बॅगेत टाकला. "तू फार कठीण बाई आहेस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण थोडं हायसंही वाटल्यासारखं होतं. चहा न घेताच तो गेला.

शनिवारपासून तीन नंबरचे चौकोन पुन्हा हिरवे झाले. हेमकूटने इथलं बुकिंग बंद केलं होतं. कुठल्या तरी दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या थिएटरात ते गेलं असणार, जिथे कोणी दार उघडत नाही. 'वज्रकेतू'ला दुपारी पाच-सहा माणसं यायला लागली. ती खरोखरची माणसं होती. एक जण तर मध्यंतरात उठून गेला आणि जाताना संपदाला म्हणाला, "बकवास है." तिने हसून मान डोलावली.

एकतीस तारखेला पेपरात पहिल्या पानभर जाहिरात आली. हेमकूटचं हजार कोटींचं वर्ष. सोनेरी अक्षरं, उडणारा नायक, खाली प्रेक्षकांचे आभार. अमोलने पेपर तिच्यापुढे टाकला.

"बघ. झालंच त्यांचं हजार. तुझ्या एका हॉलने काय थांबलं?"

"काही नाही थांबलं."

"प्रमोशनही गेलं." ती जागा विरारच्या एका मॅनेजरला मिळाल्याचं आदल्या दिवशीच कळलं होतं.

"गेलं," संपदा म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि ते तिने लपवलं नाही. चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, "पण या हजारात शनिवारपासून माझ्या हॉलचं एकही खोटं तिकीट नाही."

"पुढच्या वर्षी परत येतील ते."

"येऊ देत की."

आणि ते आले. फेब्रुवारीत हेमकूटचा नवा सिनेमा लागायच्या आधी संपदाचा फोन वाजला. जितेश होता. त्या दिवशीचं काही झालंच नाही अशा आवाजात त्याने नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, घरच्यांची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आला. पहिल्या आठवड्यासाठी तीन नंबरचे सगळे शो हवे होते. कॉर्पोरेट बुकिंग. वरून होकार आणतो म्हणाला.

संपदाने समोरच्या कॉम्प्युटरवर खुर्च्यांचा नकाशा उघडला.

"हो, मिळतील ना," ती म्हणाली. "कितीही घ्या. फक्त माणसं किती वाजता येणार तेवढं सांगा. शो सुरू झाल्यावर दहा मिनिटं मी थांबते. मग बाहेर जो कोणी उभा असेल त्याला आत घेते."

संपदा फोन कानाला लावून त्याच्या उत्तराची वाट बघत राहिली. तिला घाई नव्हती.